उचंत, एकाहत्तर किलो दोनशे

खोटं बोललात तुम्ही, साहेब. वर बोधचिन्ह, खाली सही, बाजूला गोल शिक्का आणि मधल्या चार ओळींत खोटं. "जुन्या वह्यांमधील सर्व नोंदी विहित मुदतीत प्रणालीत भराव्यात. त्यामुळे कोणाचेही कसलेही नुकसान होणार नाही." कोणाचेही, कसलेही. शब्द तुमचेच आहेत. ते परिपत्रक त्या दुकानाच्या भिंतीवर अजून टाचणीला लटकतंय. त्याच्या शेजारी खडूनं एक आकडा लिहिलाय, ६४.२. तो कुणी पुसत नाही. का पुसत नाही ते ऐका. तुमच्या वजनमापं खात्यात कुणी काही ऐकत नाही हे माहीत आहे, तरी ऐका.

दुकान वजनकाटे दुरुस्तीचं. लांबट खोली, पुढं रस्ता, मागं नळ. डाव्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेली पारडी, साखळ्या, दांड्या. उजवीकडे फळीवर लोखंडी आणि पितळी वजनं, शाळेच्या फोटोतल्या पोरांसारखी उंचीनं लावलेली. मशीन ऑइल आणि पितळेचं पॉलिश यांचा वास एकमेकांत मुरलेला. खोलीच्या मध्यावर दोन मोठे काटे शेजारी-शेजारी. एक जुना लोखंडी, दांडीवर गोळा सरकवून तोलायचा. दुसरा इलेक्ट्रॉनिक, जमिनीलगत स्टीलचा चौकोन आणि छातीइतक्या खांबावर लाल आकडे. खिडकीपाशी टेबल, टेबलावर संगणक. कोपऱ्यातून लाकडी जिना वर घरात जातो. त्याची सातवी पायरी करकरते.

हिशेब ताई बघायची. गिऱ्हाइकापासून टपालवाल्यापर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. वय चव्वेचाळीस, तोंडानं फटकळ, आकड्यांत पक्की. लग्न का केलं नाही विचारलं तर "बेरीज जुळली नाही" म्हणायची आणि विषय तिथंच मिटवायची. वडील, अण्णा, दोन वर्षांपूर्वी गेले होते. वर घरात ती आणि तिची वहिनी, दोघीच. खाली दुरुस्तीला मिस्त्री, अण्णांच्या वेळेपासूनचा.

हा मिस्त्री म्हणजे दुकानाचं मानक वजन. चौसष्ट किलो दोनशे ग्रॅम. तीस वर्षांत हललं नाही. रोज सकाळी चपला काढून, खिसे रिकामे करून तो काट्यावर उभा राहायचा. ६४.२ आलं तर काटा बरोबर, नाही आलं तर काटा चूक. मिस्त्री चूक, असं कधी घडलंच नाही. एकदा ६४.३ आलं तेव्हा तो न बोलता समोरच्या न्हाव्याकडं गेला आणि केस कापून परत आला. अण्णा हसून म्हणायचे, "आपली वजनं सरकार वर्षातून एकदा तपासतं. हा रोज उठून तपासणीला उभा राहतो."

त्यामुळं दुकानात कुठलीही नवी वस्तू आली की आधी मिस्त्री. नवा काटा आला, मिस्त्री चढवा. नवी शिडी आली, मिस्त्री चढवा. मग तुमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर आलं, आणि चाचणीसाठी ताईनं पहिलं खातं उघडलं ते कुणाच्या नावानं, हे वेगळं सांगायला नको.

"यातपण मीच का?" मिस्त्रीनं पडद्यात डोकावून विचारलं.

"आधी तुम्ही चढायचं, मिस्त्री. मग बाकीचं जग."

तुमच्याच परिपत्रकाप्रमाणं इलेक्ट्रॉनिक काटा वायरनं संगणकाला जोडला. वह्यांतली वर्षं एकेक करून आत गेली. ताईनं तीन आठवडे मान मोडून टाइप केलं. सगळं जुळलं. उरली एक वही, उचंतीची.

उचंत म्हणजे ज्याचं अजून काही ठरलेलं नाही ते. गिऱ्हाइकाचा काटा दुरुस्तीला आला की त्याचा धंदा अडू नये म्हणून अण्णा आपली वजनं त्याला वापरायला देत आणि वहीत लिहीत: अमक्याकडे, दोन किलोचं एक, उचंत. वजन परत आलं की त्यावर काट. काही परत आलीच नाहीत. दुकानं बंद झाली, माणसं शहर सोडून गेली, काही मरून गेली. अण्णा वसुलीला कधी कुणाच्या दारात जाऊन उभे राहिले नाहीत. दर वर्षी नवी वही घालताना त्या नोंदी तशाच पुढं ओढल्या. एकवीस नोंदी, आठ किलो नऊशे ग्रॅम.

आणि बाविसावी.

बाविसावी नोंद दादाची, ताईच्या मोठ्या भावाची. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी तो तपासणीच्या वजनांचा संच गाडीत घालून बाहेरगावच्या कामाला निघाला. तिसऱ्या दिवशी गाडी सापडली, रस्त्याच्या कडेला, दारं लावलेली. वजनं एकूण एक जागेवर होती. दादा नव्हता. त्या संध्याकाळी अण्णांनी उचंतीची वही काढली. दादाही रोज सकाळी मिस्त्रीच्या पाठोपाठ काट्यावर चढायचा, त्याचा शेवटचा आकडा अण्णांना पाठ होता. त्यांनी लिहिलं: दादा, ७१.२००, उचंत. पुढची सात वर्षं त्यांनी ती ओळ पुढं ओढली. ना कधी काट मारली, ना कुणाला मारू दिली. त्यांच्यानंतर ताईनंही नाही.

तुमच्या सॉफ्टवेअरला उचंत चालत नाही. पडद्याच्या माथ्यावर लाल पट्टी आली: उचंत खाते निरंक करा. मुदत वर्षअखेर, सायंकाळी पाच. नाही केलं तर दुरुस्तीचा परवाना रद्द.

ताईनं मदतीच्या नंबरवर फोन लावला. तिकडून झोपाळू आवाजाचा एक जण बोलला.

"मॅडम, उचंत झिरो करा. पट्टी जाईल."

"अहो, ती वजनं परतच आलेली नाहीत. मी जमा कशी दाखवू?"

"कुणाच्या तरी नावे टाका ना, म्हणजे त्याच्या खात्यातून वजा. इकडं जमा केलं की तिकडं कुणाच्या तरी नावे पडायलाच हवं. त्याशिवाय ताळा कसा लागणार?"

"पण कुणाच्या?"

"असेल ना एखादा. सगळ्यांकडं असतो एखादा."

ताईनं फोन ठेवला आणि चाचणीचं खातं उघडलं. नंतर नीट करू म्हणून. भाजीवालीचा अर्धा किलो, रद्दीवाल्याचे दोन किलो, लोकरवाल्याचा एक. उचंतीला जमा, मिस्त्रीच्या नावे. तिन्ही नोंदी गपकन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीनं काट्याचं बटण दाबलं. काट्यावर काही नव्हतं. लाल आकडे म्हणाले, ३.५.

त्यानं फडकं मारलं. वाकून खाली पाहिलं. बटण बंद करून पुन्हा लावलं. ३.५.

"ओल धरली असेल आतल्या सेलनं," तो म्हणाला आणि सवयीनं वर चढला.

६४.२.

दोघं आकड्याकडं बघत राहिले. रिकामा काटा साडेतीन किलो जास्त दाखवत असेल, तर माणूस चढल्यावर ६७.७ यायला हवं. हे कळायला मिस्त्री लागत नाही. मिस्त्री खाली उतरला आणि शेजारच्या लोखंडी काट्यावर उभा राहिला. ताईनं गोळा सरकवला. दांडी स्थिर झाली ती साठ किलो सातशेवर. मग वीस-वीस किलोची तीन वजनं त्याच काट्यावर ठेवली. बरोबर साठ.

"म्हणजे काटे चुकत नाहीत," मिस्त्री म्हणाला. "मी चुकतोय."

तो हसला, पण हसताना त्यानं ताईकडं पाहिलं नाही. पट्टा चाचपला. छिद्र तेच होतं. गाल तेच, हात तेच.

"ताप-बीप आला होता का?" ताईनं विचारलं.

"काही नाही. काल जिना उतरताना मात्र वाटलं, पाय जरा उशिरा टेकतायत."

ताई काही भित्री नव्हती. वजन उतरतं, काटे बिघडतात, हे तिनं जन्मभर पाहिलं होतं. मुदत जवळ होती. तिनं दुपारपर्यंत आणखी सतरा नोंदी टाकल्या, पाच किलो दोनशे. मागं मिस्त्री शिकंज्याच्या दांड्याशी झटत होता. एरवी नुसता झुकला तरी फिरणारा दांडा, त्यावर तो पोट टेकवून लोंबकळला, तरी हलेना.

"जोर लागेना," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "जोर आहे हो अंगात. पण भार पडत नाहीये."

लोखंडी काट्यावर पंचावन्न किलो पाचशे. शेजारी रिकाम्या काट्यावर ८.७.

ताईनं पडद्यावर ते खातं उघडलं. मिस्त्री. नावे. ८.७००.

मग तिनं जे केलं ते काटेवाल्यांच्या घरातलीच बाई करील. शंका आली, तर चाचणी.

"मिस्त्री, तसेच उभे राहा. हलू नका."

तिनं दांडी नीट तोलून सोडली. एकवीसपैकी शेवटची नोंद उरली होती, औषधवाल्याकडचं दोनशे ग्रॅमचं पितळी वजन. टेबलाशी जाऊन तिनं ती टाइप केली. उचंतीला जमा, मिस्त्रीच्या नावे. बटणावर बोट ठेवलं आणि मान वळवून दांडीकडं पाहत दाबलं.

टक्.

दांडीचं टोक खाली पडलं. मिस्त्री जागचा हलला नव्हता. श्वाससुद्धा धरून होता. शेजारी लाल आकडे ८.७ वरून ८.९ वर गेले आणि थांबले.

ताईनं लगेच उलटी नोंद टाकायला घेतली. मिस्त्रीला जमा, उचंतीच्या नावे. पडदा म्हणाला, उचंत खाते नव्या नोंदींसाठी बंद आहे.

"वरून ऑर्डर आहे, मॅडम," फोनवरचा झोपाळू म्हणाला. "उचंतीत आता फक्त जमा घेतो, नावे नाही. मिस्त्रीला जमा करायचं तर दुसऱ्या कुणाच्या तरी नावे टाका."

फोन स्पीकरवर होता. मिस्त्रीनं ऐकलं.

"माझ्या नावे टाकते," ताई म्हणाली. "माझ्यात भरपूर आहे. सहासष्ट किलो."

"नको."

"अहो, माझी चूक आहे ही."

"नको म्हणतो ना. असं एकाचं दुसऱ्यावर ढकलत गेलो तर हे थांबणार कुठं?" त्यानं चपला घातल्या. "आठ किलो नऊशे गेले. तेवढ्यानं मी मरत नाही."

दुसऱ्या दिवसापासून तो एक पिशवी घेऊन यायला लागला. तिच्यात वजनं, आठ किलो नऊशेची. सकाळी पिशवी खांद्याला अडकवून लोखंडी काट्यावर चढायचा, भिंतीवर खडूनं लिहून ठेवलेलं ६४.२ आलं की मान हलवायचा आणि कामाला लागायचा. इलेक्ट्रॉनिक काट्यावर मात्र तो पुन्हा चढला नाही. त्याला वळसा घालून जायचा, तिथं कुणी बसलं असावं तसा.

आता लाल पट्टी एका नोंदीपुरती उरली होती.

वहिनीचं काम पितळी वजनं घासायचं. खिडकीखाली बसून ती दिवसभर घासायची, आणि तिथून तिला पडदा दिसायचा. बोलायची कमी. दादाच्या चपला आठवड्याला पुसून जागेवर ठेवायची, त्याबद्दलही कधी बोलली नाही. शेवटच्या दिवशी, पाचला वीस मिनिटं असताना, ती घासता-घासता म्हणाली,

"वन्सं, त्यांची नोंद राहिली."

"राहू दे."

"परवाना जाईल."

"जाऊ दे. मी बंद करते हे." ताई उठली. "चुली पेटवायला नेऊ दे त्यांना परवाना."

बाहेर रखरखीत ऊन होतं. ताई मागं नळावर गेली आणि तोंडावर पाणी मारलं. परत आली तेव्हा वहिनी खुर्चीवर होती, संगणकासमोर. महिनाभर पाहून-पाहून ती शिकली होती.

"वहिनी, ऊठ."

"नऊ वर्षं उचंत जगतेय मी, वन्सं. धड इकडं नाही, धड तिकडं नाही. मला कोणी विधवा म्हणत नाही, कोणी नांदती म्हणत नाही. एकदा होऊ दे ना जमा."

"अगं, दादा नाही येणार. नुसतं वजन येईल!"

"तेवढं तरी येऊ दे."

"आणि कुणाच्या नावे टाकणार आहेस?"

पडद्यावर वहिनीनं स्वतःचं नाव आधीच लिहिलेलं होतं.

मिस्त्री हातातला पाना टाकून धावला. ताईही धावली. बटणाचा आवाज दोघांनी ऐकला.

पडद्यावर तीन ओळी आल्या.

दादा, जमा, ७१.२००.

वहिनी, नावे, ५३.६००. शिल्लक अपुरी.

उर्वरित १७.६००, वापरकर्त्याच्या नावे.

वहिनीला त्या काट्यावर कुणी कधी चढवलं नव्हतं.

धावता-धावता ताईचं पाऊल जमिनीला लागायला उशीर झाला. प्रणालीत वापरकर्ता म्हणून नाव तिचंच होतं. तिनं टेबलाची कड धरली.

लाल पट्टी गेली. पडदा हिरवा झाला. अभिनंदन.

खोलीच्या मध्यावर रिकाम्या काट्याचे आकडे पळत सुटले आणि थांबले.

८०.१.

रस्त्यावरून एक सायकल गेली.

मग आकडे पडले. ८.९.

मिस्त्री हळूच म्हणाला, "उतरले."

फळीवरची वजनं एका ओळीत किंचित किणकिणली. जमिनीची एक सैल फरशी दबली आणि उठली. मग जिन्याकडची.

सातवी पायरी करकरली.

वहिनी खुर्चीवरून उठली. तिच्या चेहऱ्यावर नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं असं काहीतरी होतं. खुर्चीच्या गादीवर खळगा नव्हता. ती जिना चढून वर गेली, पहिली पायरी, दुसरी, सहावी, सातवी, आठवी.

सातवी करकरली नाही.

तर साहेब, परवाना वेळेत आला, अभिनंदनाच्या पत्रासकट. दुकान चालू आहे. मिस्त्री पिशवी घेऊन येतो. ताई अठ्ठेचाळीस किलो चारशे आहे, कपडे मात्र तेच बसतात. वहिनी जेवते, हसते, पूर्वीपेक्षा जास्तच बोलते. लोखंडी काट्यावर उभी राहिली तर दांडी उठत नाही. वर कापडी खाट आहे, तिच्यावर ती एका कडेला बसते तेव्हा ती कड ताठ असते. दुसरी कड खाली झुकलेली असते. ताईनं एकदा धीर करून विचारलं, "तो काही बोलतो का गं?" वहिनी म्हणाली, "नाही. पण वजन तेच आहे. मला ओळखू येतं."

यावर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. सवय होते. भीतीसुद्धा रोजची झाली की मागच्या कोपऱ्यात जाऊन बसते.

मग तुमचं नवं परिपत्रक आलं. क्रमांक आहे, शिक्का आहे, सही तुमचीच. "ज्या खात्यांची शिल्लक शून्य आहे, अशी खाती वर्षअखेरीस सायंकाळी पाच वाजता प्रणालीतून आपोआप वगळण्यात येतील. त्यासाठी वेगळी सूचना दिली जाणार नाही."

ताईनं वहिनीचं पान उघडून पाहिलं. शिल्लक ०.०००. तिनं आपल्यातलं शंभर ग्रॅम तिच्या जमेला टाकून पाहिलं. पडदा म्हणाला, निरंक खात्यात नोंद घेता येत नाही, परवानगीसाठी खात्याकडे अर्ज करावा.

अर्ज केलाय, साहेब. तीन केलेत. तिन्हींच्या पोचपावत्या भिंतीवर आहेत, खडूच्या आकड्याच्या खाली. दुसऱ्या अर्जानंतर ताई स्वतः तुमच्या कचेरीत येऊन गेली. दिवसभर बाकावर बसली आणि संध्याकाळी शिपायानं तिला सांगितलं की विषय विचाराधीन आहे. पैसे मागितलेले नाहीत. दादाला परत न्या असंही म्हटलेलं नाही, मिस्त्रीचे आठ किलो नऊशेसुद्धा मागितलेले नाहीत. मागितलंय एवढंच, शंभर ग्रॅम. ताईच्या नावे टाका, वहिनीला जमा द्या.

वर्ष संपायला एकोणीस दिवस आहेत. वहिनीला यातलं काही सांगितलेलं नाही. ती आता खिडकीखाली बसून पितळ घासतेय. हातातलं वजन तिनं जरा बाजूला ठेवलं की ती बसल्या जागेवरून किंचित वर उचलली जाते, आणि न बघताच पुन्हा ते वजन हातात घेते.

पाचच्या ठोक्याला तिचं काय होणार? परवानगी देणार की नाही? हो किंवा नाही, काय ते लिहून द्या. सहीनिशी द्या.